अक्षरांचे कुलूप : मुक्त सॉफ्टवेअर, संगणक उद्योग आणि आपण

मुंबई–अहमदाबाद महामार्गाला घोडबंदर रस्ता जिथे मिळतो, त्या वरसाव्यात आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. येणारी मुले हॉटेलांत, गॅरेजांत, गाड्यांवर राबणाऱ्यांची आहेत. काही जंगलाच्या कडेच्या पाड्यांवरची आहेत. गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली एक सीडी आणून आमच्या हातात दिली. २००३ साली विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त एक पुस्तिका काढली होती. तिच्यात वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी होत्या. कोण कोणत्या दुष्काळात गाव सोडून आले, खाणीवर किती मजुरी मिळायची, पहिली जयंती कोणाच्या अंगणात झाली, पंचशील म्हणायला कोणी शिकवले. छापील प्रती २६ जुलै २००५ च्या पावसात गेल्या. आठवणी सांगणारी बहुतेक माणसेही आता नाहीत. उरली ती ही सीडी.

सीडी उघडली. फाइलही उघडली. पण आत मराठी नव्हते. इंग्रजी अक्षरे, टिंबे, प्रश्नचिन्हे, चलनाच्या खुणा, असा सगळा कचरा पडद्यावर आला. ज्या फॉन्टात ती पुस्तिका टाइप झाली तो विकत घ्यावा लागणारा फॉन्ट होता आणि आता तो आमच्याकडे नव्हता. भाईंदरचा ज्या डीटीपीवाल्याकडे तो होता, त्याचे दुकान कधीच बंद झाले. म्हणजे शब्द आमच्या माणसांचे, आठवण आमच्या माणसांची, छपाईचे पैसे आमच्या वर्गणीचे, आणि कुलपाची किल्ली तिसऱ्याकडे!

हे असे का झाले, याचा शोध घेताना आम्ही जे वाचले आणि शिकलो ते येथे मांडत आहोत. संगणक हा विषय आपल्या चळवळीत "पोरांच्या नोकरीचा" म्हणून ओळखला जातो. तो मालकीचा विषयही आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी कुलूप कसे बसले ते पाहू. त्या काळच्या साध्या फॉन्टात २५६ चिन्हांपुरती जागा असे. इंग्रजीला ती पुरून उरते. देवनागरीला जोडाक्षरे, मात्रा, रफार धरून ती अपुरी पडते. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला यावर काम झाले, पुढे ते १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' नावाचे प्रमाण जाहीर केले. प्रमाणाचा अर्थ साधा आहे. 'क' साठी अमुक क्रमांक, 'ख' साठी तमुक, आणि तो सर्वांसाठी एकच. हे काम सार्वजनिक पैशातून झाले होते. पण बाजाराने प्रमाणाची वाट पाहिली नाही. प्रत्येक कंपनीने आपापला फॉन्ट काढला आणि इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले. एका कंपनीच्या फॉन्टात जिथे 'म' तिथे दुसरीच्या फॉन्टात 'ढ' किंवा नुसता काना. संगणकाच्या लेखी मात्र ते मराठी नव्हतेच. मराठीचा मुखवटा घातलेले इंग्रजी होते. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडायचा.

श्रीलिपी, आकृती ही नावे नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या प्रत्येक छापखान्यात ऐकू यायची. या सॉफ्टवेअरनी मराठी छपाईचे मोठे काम केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोस्टर, लग्नपत्रिका, जयंतीच्या पावत्या, दैनिके, सगळे त्यातून निघाले. परंतु अशी सॉफ्टवेअर चालवायला संगणकाच्या मागे एक ठोकळा लावावा लागे. डीटीपीवाले त्याला 'लॉक' म्हणत. लॉक नसेल तर टाइप बंद. चळवळीतल्या कितीतरी पाक्षिकांनी, मंडळांनी असे लॉक विकत घेण्याची ऐपत नसल्याने दुसऱ्याच्या दुकानात रात्री बसून अंक काढले. त्या अंकांच्या फाइली आज कुठे असतील? ज्यांच्याकडे असतील त्यांना त्या वाचता येत असतील का?

छपाईच्या साधनावर ताबा कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे संगणकाने आणलेला नाही. १८४० च्या सुमारास मुंबईत गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या माणसाने मराठी छपाई सुरू केली, तेव्हा शाईत चरबी आहे म्हणून सनातनी मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नव्हती. त्यांनी शाईत तूप घातले! साधन नवे आले तरी त्याला आधी सोवळ्यात बसवावे लागते, हा आपल्या समाजाचा जुना रिवाज आहे. पुढे त्याच छपाईचा ताबा सोवळ्यांकडेच गेला. सत्यशोधकांचे म्हणणे कोणी छापेना, म्हणून कृष्णराव भालेकरांना १८७७ साली 'दीनबंधू' काढावा लागला. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे आपल्याला पाठ आहे. बाबासाहेबांनी यातून घेतलेला धडा आपण पुरेसा गंभीरपणे घेतलेला नाही. ते दुसऱ्याच्या वर्तमानपत्रातल्या कोपऱ्यासाठी भांडत बसले नाहीत. त्यांनी स्वतःची पत्रे काढली आणि स्वतःचा छापखाना उभा केला.

आता हीच गोष्ट संगणकाच्या बाबतीत दुसऱ्या टोकाला कशी घडली ते पाहा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरात 'जीएनयू' प्रकल्प जाहीर केला. त्याआधी संगणकाचे प्रोग्रॅम लोक एकमेकांना देत असत, सुधारत असत. मग कंपन्यांनी सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारी मूळ संहिता, कुलुपात ठेवायला सुरुवात केली. स्टॉलमन यांचे म्हणणे असे की प्रोग्रॅम वापरणाऱ्याला चार गोष्टींचे स्वातंत्र्य हवे: चालवण्याचे, आत काय आहे ते वाचण्याचे, दुसऱ्याला देण्याचे आणि बदलून पुढे देण्याचे. १९८९ साली त्यांनी 'जीपीएल' हा परवाना लिहिला. यातली हुशारी अशी की कॉपीराइटच्या कायद्याचाच उपयोग कॉपीराइटचे कुलूप उघडे ठेवण्यासाठी केला. तुम्ही हे घ्या, बदला, पण पुढे देताना तीच मोकळीक पुढच्याला द्या. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि लवकरच तो याच परवान्याखाली आला. १९९८ मध्ये काही मंडळींनी कंपन्यांना 'स्वातंत्र्य' हा शब्द बोचतो म्हणून 'ओपन सोर्स' हे नाव पुढे केले. नाव बदलल्यावर भांडणही बोथट होते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. 'हरिजन' आणि 'दलित' या शब्दांतला फरक ज्याला कळतो, त्याला 'ओपन सोर्स' आणि 'मुक्त सॉफ्टवेअर' यांतला फरकही कळेल.

मराठीसाठी या चळवळीने काय केले? आमच्या मते पुष्कळ, आणि त्याची नोंद फार कमी झाली. युनिकोड या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, त्यात देवनागरीचा विभाग इस्कीच्या आधारेच केलेला होता. पण नुसता क्रमांक मिळून भागत नाही. ते अक्षर नीट जोडून दाखवणारा फॉन्ट लागतो, प्रोग्रॅम लागतो. २००० च्या आसपास इंडलिनक्ससारख्या गटांनी आणि मुंबईत व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स चमूने हे काम हाती घेतले. 'गार्गी' हा देवनागरीचा मुक्त युनिकोड फॉन्ट याच चमूचा. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत असताना मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' केला आणि जीपीएलखाली 'रघू'ही केला. एकाच माणसाच्या हातची अक्षरे, एक कुलुपात, दुसरी मोकळी. पुढे रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी 'लोहित' सांभाळला, राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' मोकळा दिला, मुंबईच्या एक टाइपने 'मुक्ता' दिला. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श', 'दऱ्या' आणि 'वाऱ्या'तला तो अर्धा 'र', यांसाठी कोणीतरी रात्री जागवल्या म्हणून आज आपण मोबाइलवर मराठीत भांडू शकतो.

इथे एक उपमा फार लवकर सुचते, आणि आमच्या बैठकीतही ती आली. सोर्स कोड म्हणजे वेद, तो शूद्रांना बंद, आणि स्टॉलमन यांनी तो सर्वांना खुला केला. ऐकायला छान. आम्हाला मात्र ती पुरी पटत नाही. कारण वेदाचे दार उघडले की प्रश्न सुटत नाही. आत जाऊन वाचायला वेळ, इंग्रजी, वीज, टेबल आणि निवांत खोली लागते. मुक्त सॉफ्टवेअर बहुतांशी फावल्या वेळात लिहिले गेले. फावला वेळ कोणाकडे असतो? या देशात तो जातीने वाटलेला आहे. हॉटेलात दोन पाळ्या करणाऱ्याच्या मुलीला दार उघडे आहे, कबूल. पण घरी पाण्याची रांग लावून मग ती दारापर्यंत येणार.

दुसरा मुद्दा 'मेरिट'चा. ओपन सोर्सच्या जगात हा शब्द मोठ्या अभिमानाने मिरवला गेला. तुमचा कोड बोलतो, तुम्ही कोण हे कोणी विचारत नाही, असा दावा. गिटहब या कंपनीच्या कार्यालयात 'मेरिटचे गणराज्य' अशा अर्थाचे शब्द विणलेला एक गालिचा होता. लोकांनी प्रश्न विचारल्यावर २०१४ साली त्यांनी तो काढून टाकला. अमेरिकेतल्या लोकांना जे एका गालिच्यावरून उमगले ते आपल्याकडे आरक्षणाच्या प्रत्येक चर्चेत उमगायला हवे होते. आणि संगणक उद्योग जातीपासून मोकळा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २०२० चा सिस्को खटला आठवावा. कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने एका दलित अभियंत्याशी झालेल्या जातीय भेदभावाबद्दल ही तक्रार न्यायालयात नेली. २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरचा दावा विभागाने मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. निकाल काय लागायचा तो लागो. महासागर ओलांडल्यावर जात पडते ही समजूत मात्र त्या दिवशी पडली.

उद्योग कसा बदलला, याचा आपल्यासाठी सर्वांत बोलका इतिहास सीएमसीचा आहे. १९७० च्या दशकात आयबीएमला भारतातला कारभार परकीय चलन कायद्याप्रमाणे करायला सांगितले गेले आणि १९७८ मध्ये ती कंपनी निघून गेली. तिची यंत्रे सांभाळण्याचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीकडे आले. हीच सीएमसी. ऐंशीच्या दशकात रेल्वेचे संगणकीकृत तिकीट आरक्षण याच कंपनीने उभे केले. सरकारी कंपनी म्हणजे तिथे राखीव जागा होत्या. २००१ साली तिचा ताबा टाटांना विकला गेला आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. ज्या वर्षांत संगणकाच्या नोकऱ्या हजारांवरून लाखांवर गेल्या, नेमक्या त्याच वर्षांत त्या नोकऱ्या आरक्षणाच्या कक्षेबाहेर गेल्या. हे कोणी कट करून केले असे आम्ही म्हणत नाही. कटाची गरजच नव्हती. वरसाव्याहून अंधेरीच्या सीप्झमध्ये रोज जाणारे आपले लोक आहेत. ते हाऊसकीपिंगच्या आणि सिक्युरिटीच्या गणवेशात जातात.

आणि ओपन सोर्सही आता ते राहिले नाही. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोग म्हटले होते. त्याच कंपनीने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलर देऊन गिटहब विकत घेतले. आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतली, तो व्यवहार २०१९ मध्ये पुरा झाला. २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या लिनक्सचा सोर्स कोड ग्राहकांपुरता आवळला. जगभरच्या लोकांनी मोकळा ठेवलेला कोड घेऊन आता यंत्रांना कोड लिहायला शिकवले जाते आणि ते यंत्र महिन्याच्या वर्गणीवर विकले जाते. ज्याचा विरोध मोडता येत नाही त्याला पोटात घ्यायचे, ही रीत आपण बुद्धाला अवतार करताना पाहिली आहे.

मग हे सगळे आपल्या कामाचे नाही का? आहे. मात्र भोळेपणाने नव्हे. अभ्यासिकेचा अनुभव सांगतो. एका कार्यालयाने भंगारात काढलेले सहा संगणक आम्हाला मिळाले. विंडोजची नवी आवृत्ती त्यांच्यावर चालेना, परवाना घ्यायला पैसे नव्हते, चोरीचे टाकायचे नाही हे ठरवले होते. लिनक्स टाकले. यंत्रे चालू लागली. मुले महिन्याभरात इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहू लागली. आम्ही खूष! तेव्हा दहावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, पण हे सर्टिफिकेटला चालतं का?" आम्ही गप्प झालो. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महाराष्ट्रात घरोघर पोचला, सरकारी नोकरीला त्याचे प्रमाणपत्र लागते. त्यातल्या 'एमएस'चा अर्थ महाराष्ट्र स्टेट असा आहे, पण पालक तो मायक्रोसॉफ्ट असाच समजतात, आणि त्यांची फारशी चूक नाही. शिकवणी मुख्यतः विंडोज आणि ऑफिसचीच होते. टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टनच्या जुन्या यंत्राची रचना. तिचा प्रश्न बरोबर होता. आम्ही तिला वर्गणी काढून क्लासला घातले. तत्त्वासाठी पोरीची नोकरी घालवण्याचा अधिकार आम्हाला नाही. केरळने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणले ते सरकारने परीक्षाही त्यावर घेतली म्हणून टिकले. भारत सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. मागणी करायची तर परीक्षेची आणि प्रमाणपत्राची केली पाहिजे. केवळ संगणक वाटून भागणार नाही.

आता बाबासाहेबांच्या ग्रंथांकडे येऊ. १९७९ पासून महाराष्ट्र शासन वसंत मून यांच्या संपादनाखाली 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड काढू लागले. खंड छापायचे, संपले की वर्षानुवर्षे वाट पाहायची, हे आपण भोगले. २०२१ च्या डिसेंबरात छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. म्हणजे बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. किती मंडळांना हे ठाऊक आहे? खंडांच्या पीडीएफ सरकारी संकेतस्थळांवर आहेत, पण त्यांतली पुष्कळशी पाने म्हणजे नुसते फोटो आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही, अंध वाचकाच्या यंत्राला ती वाचता येत नाहीत. हे लेखन स्वच्छ युनिकोडमध्ये, तपासलेल्या संहितेसह उपलब्ध करणे, हे शंभर पुतळ्यांइतके काम आहे, असे आम्ही म्हटले तर कोणी रागावू नये.

इथे एक सावधगिरी हवी. मुक्त सॉफ्टवेअर म्हणते, घ्या आणि बदला. ग्रंथाला हे लागू नाही. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने भाषणातला काही भाग गाळायला सांगितला तेव्हा बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार झाले नाहीत. सभा रद्द झाली, त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले, दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि भाषांतरे सुरू झाली. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीका आणि आपले उत्तर दोन्ही छापले. वाटा मोकळेपणाने, टीका शेजारी छापा, पण मजकुराला हात लावू नका. १९८७-८८ मध्ये 'रिडल्स'च्या परिशिष्टावरून जे रान उठवले गेले, ते आठवले की मूळ संहिता हजार ठिकाणी असण्याचे महत्त्व कळते. एकाच कपाटातले पुस्तक गाळता येते. स्टॉलमन स्वतःही प्रोग्रॅम आणि मतप्रदर्शनाचे लेखन यांत फरक करतात. दुसऱ्याच्या मताचा मजकूर बदलण्याची मोकळीक ते मागत नाहीत.

तर ती सीडी. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे मोकळे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत, पण आमच्या फॉन्टाला एकही जसाच्या तसा लागू पडेना. कोड मोकळा होता म्हणून आत जाऊन तक्ता बदलता आला. अकरावीतल्या दोन मुलांनी आणि त्या दहावीच्या मुलीने हे केले. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार नेमका उलटा. काना वेगळा, अर्धा ग वेगळा, दोन्ही चिकटवून ग करायचा. एकेका चिन्हासाठी त्यांनी वहीत रेघा मारून तक्ता भरला. 'विहार'चा 'वहिार' होत होता तो तीन संध्याकाळींनी सुटला. बत्तीस पानांपैकी तीस पाने आता वाचता येतात. आम्ही ती छापून ज्यांच्या घरच्यांच्या आठवणी होत्या त्यांना नेऊन दिली.

दोन पाने राहिली आहेत. तिथे एका आजीची आठवण आहे, पहिल्या जयंतीला तिने स्वतःचे पातळ फाडून निळा झेंडा केला, असे त्यात आहे. तिच्या नावातले जोडाक्षर दोन प्रकारे वाचता येते. मुलीने दोन्ही नावे वहीत लिहून ठेवली आहेत. येत्या रविवारी आम्ही पाड्यावर जाऊन विचारणार आहोत.